भुवईतली रेघ

गेल्या गणेशोत्सवात बेळगावच्या वडगावातल्या एका चौकात फ्लेक्स लागला. दहा बाय पंधराचा, अकरा दिवस निघाले तरी पुष्कळ असा हलका माल. वर गणपती, त्याच्या दोन्ही बाजूंना नेते, नेत्यांच्या खाली पासपोर्ट फोटोच्या आकारात मंडळाचे पदाधिकारी, आणि मधोमध हात जोडून उभा असलेला एक पोरगा. डोक्याला भगवा फेटा. खाली सोनेरी कडेच्या अक्षरांत 'युवकांचा आदर्श'. बांधणारी पोरं शिडीवरून उतरतात न उतरतात तोच तो पोरगा स्वतःच तिथं येऊन ठेपला. मान वर करून बघत राहिला आणि एवढंच म्हणाला, "माझी रेघ कुठं गेली गा?"

त्याच्या डाव्या भुवईत एक रेघ आहे. हल्ली पोरं सलूनमध्ये वस्तरा लावून काढून घेतात तसली नाही. बाटलीची. तिथं केस उगवत नाहीत. कानामागून मानेवर उतरणारा एक टॅटू आहे, तोही स्वस्तातला, कडा पसरलेला. डिझाइनवाल्यानं दोन्ही पुसून टाकलं होतं. त्याचा हेतू काही वाईट नव्हता. फ्लेक्सच्या दुकानात बसणारी ही पोरं सणाच्या दिवसांत चेहऱ्यामागून चेहरे 'स्वच्छ' करत असतात. नेत्याचे केस काळे होतात, सुटलेली हनुवटी आत जाते, सगळ्यांचा रंग दोन पायऱ्या उजळतो, आणि कुणी मागितला नसला तरी फेटा चढतो. फेट्याच्या तयार फायली त्यांच्याकडं असतात, पाच-सहा तऱ्हांच्या. कपाळाच्या मापानं ओढल्या की झालं. मंडळाच्या अध्यक्षांना फ्लेक्स पसंत होता. "राहू दे की, चांगला दिसूलालैस," म्हणाले. राहिला.

पोरगा रॅप करतो. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही.

'रस्त्यावरून वर आलेला रॅपर' म्हटलं की डोळ्यांपुढं जे चित्र येतं त्यात पिस्तुलं असतात, टोळ्या असतात, पावसात पळणारी माणसं असतात. आमच्याकडचा रस्ता तसा नाही. तो मुख्यतः कंटाळ्याचा आहे. शहापूर, वडगाव, खासबाग या भागात पहाटेपासून मागांचा खडखडाट सुरू असतो. बाप मागावर, आई कांड्या भरते, पोरगं आयटीआय अर्धवट सोडून उद्यमबागेत फौंड्रीत लागतं. साचे फोडायचे, वाळू उपसायची. कंत्राटदार बदलला की काम बंद. मग कट्टा. कट्ट्यावर कामं आपल्या पायांनी चालत येतात. फायनान्सवाल्याला थकलेल्या हप्त्याची गाडी ओढून हवी असते, चिठ्ठ्या पोचवायला भरवशाचा पोरगा हवा असतो, चोर्ला घाटातून गोव्याच्या बाटल्या आणायच्या असतात, निवडणुकीत रोजावर माणसं हवी असतात. यातलं कुठलंच काम करताना आपण गुन्हेगार झालो असं पोराला वाटत नाही. जेवणाचे पैसे सुटले असंच वाटतं. पुढं एखाद्या विसर्जनाच्या रात्री धक्काबुक्की होते, बाटली फुटते, केस होते. केस मिटते, पुष्कळदा तडजोडीनं. पण ठाण्यात उघडलेली रावडी शीट केसबरोबर मिटत नाही.

हे महाराष्ट्रातल्या वाचकाला चटकन उमगायचं नाही, म्हणून थोडं सांगायला हवं. रावडी शीट ही शिक्षा नाही, नोंद आहे. पण निवडणूक, गणपती, एक नोव्हेंबर (कर्नाटकाचा राज्योत्सव, सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन) असं काही जवळ आलं की त्या नोंदीतल्यांना बोलावणं येतं. मैदानात रांगेनं उभं करतात, केस बारीक कापून या म्हणून दम भरतात, आणि शांतता राखीन असा बॉन्ड लिहून घेतात. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 107 कलमाखाली व्हायचा, जुलै 2024 पासून नव्या संहितेचं 126 कलम लागतं. पोरं अजून 'एकशेसात'च म्हणतात. बॉन्डला जामीनदार लागतो, त्याची कागदपत्रं लागतात, आणि त्या दिवसाचा रोज बुडतो तो वेगळाच. पासपोर्ट असो की कंपनीतली पडताळणी, ही नोंद तिथं आधी जाऊन बसलेली असते. पोरगा सुधारला की नाही हे गल्लीला वर्षभरात कळतं. कागदाला कळायला किती वर्षं लागतात याचा हिशेब कुणाजवळ नाही.

रॅप आला तो फोनमधून. कुर्ल्याच्या नेझीनं 2014 साली आयपॅडवर गाणं करून टाकलं, ही बातमी पोरांना फार मोलाची वाटली, कारण त्यात स्टुडिओ नव्हता. फेब्रुवारी 2023 मध्ये पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन 'बिग बॉस' जिंकला तेव्हा रॅप हा शब्द आयांपर्यंत पोचला. तोवर घरात "काय बडबडूलालैस एकटाच?" एवढीच दाद मिळायची. खरं तर ही बडबड या मातीला नवी नाही. आपल्याकडं कलगी-तुरा होता आणि पलीकडच्या कन्नड गावांत गीगी पदं होती, अजून थोडी आहेत. तिथंही हरदेशी आणि नागेशी असे दोन पक्ष, डफ आणि तुणतुणं, एकानं सवाल टाकायचा आणि दुसऱ्यानं भर सभेत जबाब द्यायचा. चिकोडी-हुक्केरीकडच्या म्हाताऱ्या माणसाला रॅपची बॅटल दाखवली तर त्याला कपडे विचित्र वाटतात, खेळ वाटत नाही. अमेरिकेतल्या हिप-हॉपचा जन्म 11 ऑगस्ट 1973 ला ब्राँक्समधल्या 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीतल्या खालच्या हॉलमध्ये धरतात. डीजे कूल हर्कच्या बहिणीला शाळेसाठी कपडे घ्यायचे होते, त्या पैशासाठी ठेवलेली ती पार्टी होती. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून हर्क नुसता ढोलाचा तुकडा लांबवत राहायचा. बिनपैशाच्या माणसांनी सार्वजनिक हॉलमध्ये केलेली गोष्ट, हे कळलं की आमच्या समुदाय भवनाकडं बघायची नजर बदलते.

त्या पोरानं गल्लीत पहिल्यांदा मान मिळवला तो कवितेमुळं नाही, मोजण्यामुळं. बीट चालू करायचा, चार ठोक्यांचा एक बार, सोळा बारांचा एक व्हर्स. मिनिटाला 90 ठोक्यांचा बीट असेल तर सोळा बार साधारण 43 सेकंदांत संपतात, 140 चा असेल तर 27 सेकंदांत. नवीन पोरगा वहीत पानभर लिहून आणतो आणि 43 सेकंदांत ते सगळं कोंबायला बघतो. बाराव्या बारला त्याचा दम जातो. रेकॉर्डिंगमध्ये तुकड्या-तुकड्यानं गाऊन जोडता येतं, म्हणून ही खोड लपते. स्टेजवर ती उघडी पडते. दुसऱ्या व्हर्सपासून ओळींची शेवटची अक्षरं गिळली जातात, आणि यमक नेमकं तिथंच असतं. याचा उपाय रुक्ष आहे. दर दोन बारांनंतर अर्ध्या ठोक्याची जागा रिकामी सोडायची आणि वहीत तिथं फुली मारायची. फुलीवर श्वास घ्यायचा, शब्द कितीही आवडता असला तरी तो फुलीवर येऊ द्यायचा नाही. त्याच्या वह्या बघितल्या तर ओळींपेक्षा फुल्या आणि खाडाखोड जास्त दिसते.

अक्षरं मोजण्यातही फसगत असते. बेळगावचं जेल जिथं आहे ते 'हिंडलगा' कागदावर चार अक्षरी आहे, तोंडात तीनच ठोके पडतात: हिं-डल-गा. कागद बघून मोजणाऱ्याचा प्रत्येक बार लांबतो किंवा लुळा पडतो. म्हणून तो पोरांना बोटांवर नाही, हनुवटीखाली हात धरून मोजायला लावतो. जितक्या वेळा हनुवटी खाली जाते तितके ठोके. यमकाचंही तसंच. आमच्या बोलीत करूलालोय, बसूलालोय, हसूलालोय अशी रांग आपोआप लागते, आणि पहिल्या आठवड्यात प्रत्येक पोराला वाटतं की आपण कवी झालो. 'लालोय-लालोय' इथं चालत नाही. यमक धातूत हवं, शेपटीत नको. 'गर्दी-वर्दी' हे पहिल्या दिवशीच सगळ्यांना सुचतं (आमच्याकडं गर्दी झाली की वर्दी येतेच, त्यात कल्पनाशक्तीचा भाग कमी). त्यापेक्षा 'हिंडलगा' ला 'भिंत बघा' जोडणारी पोरगी पुढं जाते. स्वर जुळतात, ठोके जुळतात, आणि 'जेल' हा शब्द न घेता जेल येतं. ही जोडी खासबागच्या एका नववीतल्या पोरीनं काढली. तिचा बाप तिला न्यायला आला होता, तो ऐकून घटकाभर तिथंच थांबला.

आता आवाज घ्यायचा कसा? वडगावात दोन्ही भिंतींपलीकडं माग. कंडेन्सर माइक घेतला की तो शेजाऱ्याच्या मागाचा धोटासुद्धा टिपतो, आणि पोरं नेमका तोच घेतात, कारण व्हिडिओत तो दिसायला भारी असतो. गोंगाटाच्या घरात स्टेजचा साधा डायनॅमिक माइक बरा. तोंडापासून चार बोटं अंतर ठेवायचं आणि गेन थोडा जास्त द्यायचा. तरी माग येतोच. म्हणून तो लाईट जायची वाट बघायचा. लाईट गेली की गल्लीतले सगळे माग एका क्षणात गप्प होतात, पंखाही थांबतो. लॅपटॉप बॅटरीवर, साउंडकार्ड लॅपटॉपच्याच यूएसबीवर; जेमतेम दोन तास मिळतात. पाठीमागं वाकळ टांगायची. इथं सगळे चुकतात, वाकळ माइकच्या मागं लावतात. माइकचं तोंड गाणाऱ्याकडं असतं, तेव्हा तो गाणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवरून परत आलेला आवाज ऐकतो. वाकळ तिथं हवी. आवाजाचा काटा उणे बारा ते उणे सहा डेसिबलच्या मध्ये नाचला पाहिजे. शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुढं कशानंच शिवता येत नाही. मार्च-एप्रिलच्या लाईट जाण्यावर आख्खी गल्ली शिव्या घालत असताना एका खोलीत घामानं थबथबलेला एक पोरगा "अजून दहा मिनिटं येऊ नकोस गं बाई" म्हणत असतो, हे चित्र विद्युत मंडळाच्या कुणाला माहीत असायचं कारण नाही.

त्याच मागाचा आवाज त्यानं पुढं गाण्यात घेतला. ऐकायला सोपं वाटतं, आहे किचकट. साधा यंत्रमाग मिनिटाला साधारण सव्वाशे-दीडशे वेळा ठोकतो, म्हणजे ड्रिल या रॅपच्या प्रकारातल्या 140 च्या जवळपास, आणि त्यामुळं पोरांना वाटतं की फोनवर टिपायचा आणि बीटखाली टाकायचा. पट्टा घसरतो, सूत तुटतं, ठोका पुढं-मागं होतो. आठ बारांनी माग आणि ढोल भांडायला लागतात. चालणारी रीत अशी की एक चांगला, सुटा ठोका निवडायचा, आधीची-नंतरची शांतता छाटायची, शंभर हर्ट्झच्या खालची घरघर काढून टाकायची आणि तो एकच ठोका हातानं पाहिजे तिथं बसवायचा. त्याच्या बापानं गाणं ऐकलं तेव्हा शब्दांबद्दल काही बोलला नाही. "हा आपला माग नव्हे, कोपऱ्यातला तिसरा," म्हणाला. बरोबर होतं.

कागदपत्रांची गोष्ट कुणी गाण्यात घालत नाही, पण पोरं बुडतात ती तिथं.

नेटवर बीट फुकट मिळतो, त्यात दर काही सेकंदांनी बनवणाऱ्याचं नाव ऐकू येतं. वीस-तीस डॉलर भरले की नाव निघतं, पण मिळतो तो भाडेपट्टा. तोच बीट आणखी शंभर जणांनी घेतलेला असू शकतो, आणि गाणं अमुक इतक्या वेळा वाजल्यावर पट्टा संपतो. त्या शंभरातल्या एकानं आपलं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे गाणी ओळखून हक्क लावणाऱ्या यंत्रणेत, घातलं की बाकी नव्याण्णवांच्या गाण्यांवर दावा लागतो आणि जाहिरातीचे पैसे तिकडं वळतात. पोराला वाटतं यूट्यूबनं फसवलं. खरं तर पट्ट्याच्या कागदात कंटेंट आयडीला मनाई लिहिलेली असते, दुसऱ्यानं ती मोडलेली असते, आणि दावा उठवायला पावती आणि तो कागद जोडावा लागतो. तो कागद कुणी जपून ठेवलेला नसतो. त्यामुळं आमचा पोरगा प्रत्येक गाण्याची एक प्लास्टिकची फाइल ठेवतो, रेशनकार्डाची ठेवतात तशी. त्यात बीटची पावती, वितरकाकडून मिळालेला आयएसआरसी क्रमांक (रेकॉर्डिंगची ओळख पटवणारा), मुखचित्र तीन हजार बाय तीन हजार पिक्सेलचं, आणि कोण किती टक्क्यांचा धनी हे लिहून सगळ्यांच्या सह्या. शब्द लिहिणाऱ्याला रॉयल्टीतला वाटा सोडून देता येत नाही, हे 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनं पक्कं केलं आहे. तरीही दहा हजारांत 'सगळे हक्क' लिहून देणारी पोरं दर वर्षी भेटतात. आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था, तिचं सदस्यत्व घ्यायला बँक खातं, पॅन, प्रसिद्ध झालेलं काम असं लागतं. गल्लीतल्या चौघांचे फॉर्म त्यानं स्वतः बसून भरून दिले. फ्लेक्सवर 'आदर्श' लिहिणाऱ्यांना हे काम दिसलेलं नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही.

स्टेजचं शिक्षण त्यानं अपमानातून घेतलं. पहिल्याच कार्यक्रमात ट्रॅक फोनवरून लावला होता, दुसऱ्या कडव्यात फोन आला, आणि फायनान्सच्या मॅडमचा आवाज डॉल्बीवरून आख्ख्या चौकानं ऐकला. तेव्हापासून फोन विमान मोडवर, शिवाय पेनड्राइव्हवर दुसरी प्रत. माइकची जाळी मुठीत धरायची सवयही तिथंच सुटली. हातानं जाळी झाकली की माइक चारी बाजूंचं ऐकायला लागतो आणि स्पीकर किंचाळतो. व्हिडिओत रुबाबदार दिसतं म्हणून सगळे तसंच धरतात. आणि वेळ. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम 2000 सालापासून आहे, सणाच्या ठरावीक दिवसांना बारापर्यंत सूट. मंडळांचा कार्यक्रम नऊला सुरू होतो म्हणजे सत्कार नऊला सुरू होतात. रॅपवाल्याच्या हातात माइक येतो तो दहाला दहा मिनिटं असताना. म्हणून त्याच्याजवळ आठ मिनिटांचा एक तयार संच असतो, तीन गाण्यांचे तुकडे जोडून केलेला. पूर्वी शाल-नारळावर बोळवण व्हायची. आता निम्मे पैसे आधी, आणि तेही चिठ्ठीवर लिहून घेतो.

भाषेबद्दल बोलायचं तर आमच्याकडं लोक आधी गाणाऱ्याचा पक्ष कुठला ते विचारतात. त्याचं उत्तर कारागिराचं आहे. मराठी शब्द बहुतेक व्यंजनावर तुटतात, माग, घाम, हात. स्नेअर ढोलाचा ठोका त्यांच्यावर बरोबर बसतो. कन्नड शब्द स्वरावर संपतात, मग्ग, बेवरु, कै. ते ठोक्याच्या पुढं वाहत जातात. त्यामुळं व्हर्स मराठी आणि हुक, म्हणजे परत-परत येणारा मुखडा, कन्नड ठेवला की कानाला गोड लागतं. रविवारी सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली जी पोरं जमतात त्यांत घरी मराठी बोलणारी आहेत, कन्नड बोलणारी आहेत, उर्दूवाली आहेत. स्पीकरची बॅटरी संपली की सगळी तोंडानंच बीट देतात. पण एक नोव्हेंबर आला की दोन्हीकडून सांगावे येतात. इकडचे म्हणतात काळ्या दिनावर एक कडक गाणं कर, तिकडचे म्हणतात राज्योत्सवाच्या मिरवणुकीत आमच्या गाडीवर चढ. दोन्ही गाणी हमखास चालतील हे त्याला ठाऊक आहे. चिडलेला माणूस गाणं शेवटपर्यंत बघतो आणि पुढं पाठवतो. तो दोन्हींना नाही म्हणतो. इथं माझं त्याच्याशी पूर्ण जुळत नाही. सीमाभागातल्या मराठी पोरानं आपल्या शाळेबद्दल, आपल्या कागदांवरच्या भाषेबद्दल गाऊ नये असं कसं म्हणायचं? त्याचं म्हणणं, गाईन की, पण माझ्या वहीत, माझ्या तारखेला. मिरवणुकीत ओळ माझी असते आणि 196 कलम खाली नाचणाऱ्या पोरांवर लागतं. शत्रुत्व वाढवण्याच्या कलमाचा नवा आकडा त्याला तोंडपाठ आहे. यावर वाद घालायला मला तोंड उरत नाही, पण समाधानही होत नाही.

त्याच्या फोनच्या कव्हरमागं निप्सी हसलचा फोटो आहे. लॉस एंजेलिसचा रॅपर. गल्लीत हे नाव चार-पाच जणांनाच माहीत असेल. स्लॉसन आणि क्रेनशॉ या रस्त्यांच्या नाक्यावर गाडीच्या डिकीतून सीडी विकत तो वर आला. पोरपणीच क्रिप्सच्या टोळीत गेलेला, आणि ते त्यानं कधी लपवलं नाही. 2013 मध्ये त्यानं एका मिक्सटेपच्या हजार प्रती काढल्या, किंमत प्रत्येकी शंभर डॉलर, आणि जे-झीनं त्यातल्या शंभर एकट्यानं घेतल्या. पैसा आल्यावर बाहेरच्या उच्चभ्रू वस्तीत न जाता त्यानं त्याच नाक्यावर कपड्यांचं दुकान घातलं, भागीदारांबरोबर ती इमारत घेतली, जवळच पोरांना विज्ञान-तंत्र शिकता यावं अशी कामाची जागा उभी केली. 31 मार्च 2019 ला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्या दुकानासमोरच गोळ्या घालून त्याला मारलं. मारणारा ओळखीचाच होता. दुसऱ्या दिवशी टोळ्यांच्या हिंसेबद्दल पोलीस अधिकाऱ्यांशी त्याची बैठक ठरलेली होती. आता त्या नाक्याला त्याचं नाव आहे. 'आपल्या गल्लीतच राहा' असं पोरांना सांगणाऱ्यांनी ही गोष्ट शेवटपर्यंत सांगावी. आपल्या माणसांत राहणं ही फुकट मिळणारी गोष्ट नाही. आमच्या पोराला त्याच्या जुन्या कट्ट्यावरून अजून हाका येतात. लग्नाला, वाढदिवसाला, आणि अधूनमधून एखादी गाडी ओढून आणायलाही.

म्हणूनच फ्लेक्सवरची ती पुसलेली भुवई खटकते. रविवारी जी पोरं येतात त्यांतली निम्मी रेघ बघून येतात. शाळेत आदर्श पुष्कळ टांगलेले असतात, सगळे हात जोडलेले, सगळ्यांचा रंग उजळ. ज्या पोराचं नाव गेल्या महिन्यात ठाण्यात लिहून झालंय त्याला त्या तसबिरींशी काही बोलता येत नाही. याच्याशी येतं. एकानं येऊन पहिला प्रश्न विचारला तो गाण्याचा नव्हताच. "बॉन्डला जामीनदार कोण उभा केलास गा?" त्यानं सगळं सांगितलं: कुठली कागदपत्रं, कुठल्या टेबलावर, किती वाजता गेलं तर साहेब भेटतात, आणि सगळ्यात आधी म्हणजे तोंड बंद ठेव. मंडळाला मात्र असा आदर्श हवा असतो, ज्यानं काहीच केलेलं नसेल. मंडळाला तरी दोष कशाला द्यायचा. त्याच्या आईलाही फेट्यातलाच फोटो आवडला. तिनं फ्लेक्सवाल्याकडून त्याची एक प्रत कागदावर काढून घेतली, देवघराशेजारी लावली. तिच्या दृष्टीनं ती रेघ म्हणजे एका रात्री सरकारी दवाखान्यात घातलेले टाके. त्यात कुणाला शिकण्यासारखं काय आहे, हे तिला कुणी पटवून देऊ शकेल असं वाटत नाही.

त्याच गणपतीत शांतता समितीच्या बैठकीला त्याला मानानं बोलावलं होतं. दुसऱ्या ओळीत खुर्ची, बिसलेरी, तरुणांना दोन शब्द. त्यानं दोन शब्द सांगितले, डॉल्बी वेळेत बंद करू म्हणाला, टाळ्या पडल्या. तीन दिवसांनी ठाण्यातल्या दुसऱ्या टेबलावरून फोन आला की शीटवर नाव आहे, बॉन्ड लिहून द्यायला या. बैठकीत शेजारी बसलेले साहेब त्या दिवशी बंदोबस्तावर होते. शीट बंद करण्याचा अर्ज त्यानं दिलेला आहे, वकिलामार्फत, केस मिटल्याच्या निकालाची प्रत जोडून; तो कुठं आहे ते टेबलावरच्या माणसाला माहीत नव्हतं. जामीनदार म्हणून ज्यांच्याकडं बाप मागावर आहे ते मालक आले, सातबाऱ्याऐवजी इथं लागणारा जमिनीचा उतारा घेऊन. फॉर्म कन्नडमध्ये होता, त्याला वाचता येतो. धंद्याच्या रकान्यात गेल्या वेळच्या कागदावरून बघून 'कूली' असं उतरवलेलं होतं. बदलायचं म्हटलं तर नवा फॉर्म आणि नवा शिक्का, म्हणजे दुपार गेली. सहा वाजता साउंड चेक होता. त्यानं सही केली, मालकांना चहा पाजला आणि पेनड्राइव्ह खिशात आहे की नाही ते चाचपत बसस्टॉपकडं निघाला.